वाफेच्या यंत्रातले धोंडे

इस्त्रीवर पोळी भाजता येते, हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहितो आहे. कोल्हारकडच्या एका शाळेत मी उभा जन्म विज्ञान शिकवलं. उष्णता ती उष्णता. ती लाकडातून आली, गॅसमधून आली की इस्त्रीतून आली, हे कणकेला कळत नाही. इस्त्री उलटी करायची, दोन विटांच्या मध्ये घट्ट बसवायची, वरची चकती 'सुती'वर ठेवायची ('रेशमी'वर पोळी कच्ची राहते) आणि बोटं सांभाळून काम करायचं. इस्त्रीला टोक असतं म्हणून पोळीलाही एक टोक येतं. सुरुवातीला ते डोळ्यांना खटकतं. पण पोळी गोलच असावी असा काही निसर्गनियम नाही, आणि एकट्या माणसाच्या ताटात डोकवायला येतंय कोण?

ही वेळ माझ्यावर का आली ते थोडक्यात सांगून टाकतो, कारण आमच्या सोसायटीत त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या फिरताहेत. एका संध्याकाळी मी गॅसवर दूध ठेवलं आणि खुर्चीत बसल्या बसल्या माझा डोळा लागला. कोरोना होऊन गेल्यापासून माझ्या नाकाला वास जवळजवळ येतच नाही. पातेलं करपलं, घरभर धूर झाला आणि खालच्या पुष्पावतीबाईंनी येऊन दार बडवलं. झालं ते एवढंच. पण पुष्पावतीबाईंनी माझ्या मुलीला, रेश्माला, पुण्याला फोन केला, आणि संगमनेरहून निघालेला धूर पुण्याला पोचेपर्यंत त्याच्या ज्वाळा झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी रेश्मा दारात. आधी रडली, मग चिडली, मग सिलिंडर पुष्पावतीबाईंच्या घरी नेऊन ठेवला आणि गॅसचा रेग्युलेटर आपल्या पर्समध्ये घालून पुण्याला घेऊन गेली.

"इंडक्शनसुद्धा आणायचं नाही, बाबा. शपथ आहे माझी."

"आणि अंघोळीचं पाणी?"

"त्याला रॉड आहे ना."

ज्या बाईला शेगडीची भीती वाटते तिला पाण्यात सोडलेल्या विजेची वाटत नाही, ही विसंगती मी तिला दाखवून देणार होतो. पण ती माझ्याच हाताखाली विज्ञान शिकली होती, तेव्हा दोष शिकवणाऱ्यावरच आला असता.

दोन वेळचा डबा बनुबाईंच्या खानावळीतून सुरू झाला. डब्याला नाव ठेवायला जागा नाही. पण डबा संध्याकाळी सातला येतो आणि साडेसातला संपतो. त्यानंतर झोपेपर्यंत घरात काही म्हणजे काही घडत नाही. आमची ही होती तेव्हा या वेळेला कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, मिरचीचा ठसका उठायचा, "जरा कोथिंबीर निवडून द्या" असा हुकूम सुटायचा. मी कुरकुर करत कोथिंबीर निवडायचो. ती गेली तेव्हा लोक म्हणाले, आठवण छळेल. आठवणीचं सोडा, मला ती शांतता छळते. डबा ठेवणाऱ्या माणसाचं "सर, डबा" हे कित्येकदा माझ्याशी दिवसभरात कुणी बोललेलं एकमेव वाक्य असायचं. एकदा मी त्याला "आज भाजी कसली?" असं विचारलं, तर तो बिचारा तक्रार समजून घाबरला.

तेव्हा मी इस्त्रीकडे वळलो तो भुकेपोटी नाही. घरात काहीतरी शिजल्याचा आवाज व्हावा म्हणून वळलो. इस्त्रीवर पापड भाजताना चांगला चरचर आवाज येतो. पापड रुमालात गुंडाळून दाबायचा. रुमाल पुढे खिशात ठेवण्याच्या लायकीचा राहत नाही. चहाच्या किटलीत मुगाची खिचडी होते, फक्त झाकणाशी बसून राहावं लागतं, आणि बसून राहायला माझ्याकडे वेळच वेळ. अंघोळीच्या रॉडनं बादलीतलं पाणी उकळून त्यात घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा सोडला की डाळ मेणासारखी शिजते. रॉड बंद केल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही, हे मी स्वतःला मोठ्यानं बजावायचो. नववी 'ब' समोर बसल्यासारखं वाटायचं.

हे सगळं असंच चार भिंतींत चाललं असतं. पण धोंड्याचा महिना आला.

दर तीन वर्षांनी येणाऱ्या अधिक महिन्याला आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. त्या महिन्यात लेकीला आणि जावयाला घरी बोलावून जेवू घालायचं. जेवणात धोंडे पाहिजेत, म्हणजे कणकेत पुरण भरून उकडलेले गोळे, वर तुपाची धार. मागच्या धोंड्याला हिनं ते केले होते आणि जावई, अजिनाथराव, इतके जेवले होते की त्यांना गाडी चालवता येईना. ते मूळचे जामखेडचे. आग्रह मोडणं त्यांना पाप वाटतं. पुढच्या पावसाळ्यात ही गेली.

रेश्माचा फोन आला. "बाबा, यंदा धोंड्याचं काही मनात आणू नका. तुमच्याकडे करणार कोण? तुम्हीच या पुण्याला. आपण बाहेर कुठंतरी छान जेवू."

बोलणं शहाणपणाचं होतं. पण फोन ठेवल्यावर मी हिशेब केला. दिवाळीला ते जामखेडला जातात, उन्हाळ्यात कुठंतरी हवा खायला जातात. मला भेटायचं तर मलाच पुण्याला बोलावतात; तिथं माझी सोय चांगली होते, पाहुण्यासारखी होते. धोंडे हे एकच निमित्त असं होतं की ज्याला लेकीनं बापाच्या घरी यायचं असतं. ते यंदा मोडलं की कायमचं मोडलं. मग हे घर म्हणजे एका म्हाताऱ्याची राहायची जागा, तिचं माहेर नव्हे. मी परत फोन लावला आणि म्हणालो, "रविवारी जेवायला यायचं. धोंडे घरीच होतील."

"कोण करणार?"

"होतील म्हटलं ना."

मास्तरकीतला आवाज काढला की ती अजूनही गप्प होते.

आधी सरळ मार्गानं जावं म्हणून मी गॅसच्या ऑफिसात गेलो. शपथ होती, पण ती इंडक्शनची होती. गॅसबद्दल तिनं काही म्हटलं नव्हतं. खिडकीत एक तरुण मुलगी होती.

"नवीन रेग्युलेटर पाहिजे."

"जुना हरवला?"

"नाही."

"खराब झाला?"

"नाही. पुण्याला आहे. मुलीच्या पर्समध्ये."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "मग चोरीला गेला असं लिहा, आणि पोलिसांचा दाखला जोडा."

"अहो, चोर माझी मुलगी आहे!"

"ते तुम्ही घरात बघा, काका. कनेक्शन कुणाच्या नावावर आहे?"

"पद्मिनी गुंजाळ. आमच्या मिसेस."

"त्यांचं केवायसी राहिलंय. त्यांना घेऊन या, अंगठा लागेल."

"त्यांना येता नाही यायचं."

"चालवत नसेल तर मोबाईलवर नुसता चेहरा दाखवला तरी चालतं."

मी म्हणालो, "बरं. विचारून सांगतो." असं का म्हणालो कोण जाणे. माझ्यामागं रांग होती, आणि रांगेत उभं राहून ते एक वाक्य बोलणं मला अजून जमत नाही. मी बाहेर येऊन रसवंतीच्या बाकावर बसून राहिलो. उसाचा रस मागवला आणि तसाच ठेवून आलो.

तिथून मला उठवून घरी आणलं ते गनीभाईंनी. गनीभाई आमच्या मागच्या गल्लीत राहतात, जन्मभर टेम्पो चालवला, आता मुलगा चालवतो आणि हे जगाला सल्ला देतात. त्यांना मी सगळं सांगितलं. माझ्या इस्त्रीचं त्यांना काडीचं नवल वाटलं नाही.

"सर, तुमी उगीच टेन्शन घेताय. म्या टेम्पोच्या इंजनावर बटाटं उकडून खाल्ल्यात. नगरला डब्यात घालून ठिवायचं, कोल्हारचा पूल आला की उलटं करायचं, मनमाडला मीठ लावून खायचं."

"गनीभाई, धोंडे मनमाडला कसे नेऊ?"

"न्हाई न्हाई, आयडिया सांगितली. धोंड्याला पायजे काय? वाफ! कोरोनात घेतलेलं वाफंचं मशीन हाय ना घरात?"

होतं. कुणाच्या घरात नाही? ज्यात तोंड खुपसून आपण सगळे महिनोन् महिने बसलो होतो, ते प्लॅस्टिकचं यंत्र. कपाटावरून काढलं, पुसलं. आणि काय सांगू, तोंड खुपसायच्या त्या पेल्यावर पुरणयंत्राची जाळी अशी बसली की जणू दोघांचं माप एकाच कारागिरानं घेतलं होतं! जाळीवर एका वेळी तीन धोंडे मावत. वरून वाटी पालथी. गनीभाईंनी यंत्राला हात जोडले.

तेवढ्यात पुष्पावतीबाई वर आल्याच. त्यांना आमच्या जिन्यावरची पावलं मोजायची सवय आहे. दोन विटांमधली इस्त्री, बादली आणि ते यंत्र पाहून त्यांनी पदर तोंडाला लावला.

"आवं सर, ह्ये काय मांडलंय? माझ्याकडं सिलिंडर पडलाय, शेगडी हाय. मी घालते की करून धोंडं! त्यात काय यवढं?"

त्या मनापासून म्हणाल्या. पण माझा ताठा आड आला. जावई माझा आणि धोंडे शेजारचे? मी म्हणालो, "आभारी आहे, पण माझं सगळं ठरलंय."

"बरं, निदान पुरनात जायफळ घाला. आन् कणीक दुधात भिजवा."

"दुधात नगं, तेलात," गनीभाई म्हणाले.

"तुमाला वं काय म्हाईत पुरनाचं?"

"माज्या घरी सांजोऱ्या व्हत्यात की!"

त्या दोघांचा वाद तासभर रंगला. मी मध्येच किटलीत चहा केला. दोघांनी प्याला, दोघांनी नावं ठेवली. माझ्या घरात एकाच वेळी तीन माणसं बोलत होती. ते पुढे काय बोलले ते मला आठवत नाही, पण ते गेल्यावर कप विसळताना मी बराच वेळ लावला.

पुष्पावतीबाईंकडून एवढंच वचन घेतलं की रेश्माला कळवायचं नाही. त्यांनी देवाशपथ सांगितलं, आणि त्यांच्या बाबतीत हा चमत्कारच म्हणायचा, पण त्या शब्दाला जागल्या.

रविवारी पहाटेच उठलो. फळ्यावर आकृती काढावी तसं सगळं डोक्यात आखलं होतं. डाळ बादलीत. गूळ घालून पुरण किटलीत आटवायचं. किटली तीनदा उतू गेली आणि चौथ्यांदा तिनं तळ सोडला, पण तोवर पुरण झालं होतं. मग धोंडे. पहिल्या तिघांची पारी फुटली, पुढचे बरे निघाले. तिघं आत, तिघं बाहेर, अशी आगगाडी सुरू झाली. यंत्र भुसभुस वाफ सोडत होतं, खिडकीच्या काचा धुरकटल्या, आणि मी हिच्या जुन्या एप्रनमध्ये घामानं निथळत उभा होतो. बऱ्याच दिवसांनी मला बरं वाटत होतं, अगदी सणासारखं.

अकराच्या सुमारास धोंडे होत आले. राहिली कटाची आमटी आणि पापड-कुरडया. म्हणजे आमटीला रॉड आणि पापडाला इस्त्री. शिवाय शेवटचे तीन धोंडे यंत्रात, आणि भजी करायची नाहीत म्हणून निदान चटणी तरी ताजी हवी, तर मिक्सर. ही सगळी मंडळी एका लांब बोर्डावर. मी भाराचं गणित केलं होतं. तोंडी नाही, कागदावर. गणित बरोबर होतं. फक्त त्यात फ्रीज धरायचा राहिला. फ्रीज गुर्र करून चालू झाला आणि आमच्या दारामागचा खटका टाकदिशी पडला. मी तो वर केला. आता आवाज झाला तो खाली, मीटरच्या पेटीत. दिवाळीतला बरा फटाका वाजावा तेवढा. अख्ख्या जिन्याची लाईट गेली. माझाही खटका परत खाली.

ज्या माणसानं पिढ्यान् पिढ्यांना विद्युतमंडल शिकवलं, तो मे महिन्याच्या भर दुपारी, सगळ्या शेजाऱ्यांच्या देखत, हातात अर्धा भाजलेला पापड घेऊन जिन्यात उभा होता. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "कुणाच्यात झालं रं?" मी वर बघितलं नाही. आणि खाली गाडीचं दार वाजलं.

रेश्मा आत आली ती थेट स्वयंपाकघरात गेली.

"बाबा, हे काय आहे?"

"स्वयंपाकघर."

"ही बादली?"

"आमटी."

तिनं एकेक पिन बोर्डातून ओढून काढली. "शॉक बसला असता म्हणजे? इथं पडून राहिला असतात तर कुणाला कळलं असतं?"

"पुष्पावतीबाईंना," मी खरं ते सांगितलं.

ती हसली नाही. "चारला निघायचंय आम्हाला," एवढंच म्हणाली आणि ताटं मांडायला लागली.

अजिनाथरावांना मी पाटावर बसवलं, कुंकू लावलं, नवा शर्ट दिला. हे सगळं सासूनं करायचं असतं. मी जमेल तसं केलं. त्यांनी पहिला धोंडा तुपात बुडवला, तोंडात घातला आणि एकदम थांबले. डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, हिची आठवण झाली.

"कसा झालाय?"

"लई भारी, बाबा," ते नाक ओढत म्हणाले. "सकाळपासून सर्दीनं डोकं धरलं हुतं. पार मोकळं झालं."

रेश्मानं एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि माझ्याकडे पाहत राहिली. "बाबा, तुम्हाला वास येत नाही?"

"कसला?"

"निलगिरीचा!"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. कोरोनात मी आणि ही, दोघांनी त्याच यंत्रात निलगिरीचे थेंब टाकटाकून वाफ घेतली होती. प्लॅस्टिकनं ते सगळं पिऊन ठेवलं होतं आणि आज पुरणात उतरवलं होतं. सगळे धोंडे, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, औषधाच्या दुकानासारखे घमघमत असणार, आणि मला मात्र काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

माझं तोंड उतरलं. मी ताटं बाजूला करायला हात पुढे केला. "राहू द्या. खाऊ नका हे. बसस्टँडजवळ चांगलं हॉटेल आहे, तिथं जाऊ."

रेश्मानं माझा हात बाजूला सारला. "बसा खाली," ती म्हणाली, अगदी हिच्या आवाजात. "तूप वाढा."

ते दोघं जेवले. आमटी बादलीतली, पापड एका बाजूनं कच्चा, धोंडे निलगिरीचे. अजिनाथरावांनी आग्रह मोडला नाही. घामाच्या धारा लागल्या होत्या. जेवणं झाल्यावर ते मीटरच्या पेटीकडे बघायला खाली गेले. खाली गनीभाई होतेच, वायरमनला फोन लावत.

रेश्मानं हात धुतले. "जरा पाठ टेकते, बाबा," म्हणाली आणि दिवाणखान्यात उघड्या फरशीवर, हाताची उशी करून आडवी झाली. दोन मिनिटांत घोरायला लागली.

मी तिला पुण्यात दुपारची कधी झोपलेली पाहिलेली नाही. तिथं तिच्या हातात सतत काहीतरी असतं, फोन, कपडे, कुणाचं तरी जेवण. इथं ती तोंड उघडं टाकून, साडी चुरगाळून, कशाची फिकीर न करता झोपली होती. मी शर्टाच्या खोक्याचं झाकण घेतलं आणि तिच्या उशाशी बसून वारा घालायला लागलो. बाहेर नुसतं ऊन होतं. सोसायटी सगळी गप्प होती, पण त्या दिवशी मला त्या शांततेचा त्रास झाला नाही.

चार वाजून गेले. जिन्यात पावलं वाजली. अजिनाथराव दारात येऊन हळू आवाजात म्हणाले, "बाबा, वायरमन येऊन गेला. खाली समद्यांची लाईट आली. आपला इथला खटका तेवढा पडलाय. वर करू का? पंखा लागला की तिला बरं वाटंल."

खालच्या घरातल्या पंख्याचा आवाज मला अर्ध्या तासापासून ऐकू येत होता. खटका माझ्या हातापासून चार पावलांवर होता.

"राहू द्या," मी म्हणालो. "झोप मोडेल तिची."

त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्या हातातल्या झाकणाकडे पाहिलं, आणि चपला न वाजवता परत खाली गेले. मी हात बदलला आणि वारा घालत राहिलो. पंखा लागला असता तर तिच्या उशाशी बसायला मला काही कारण उरलं नसतं.